सुई कोणी घेतली

देवबागहून आलेली एसटी मालवणच्या स्टँडवर रिकामी झाली, तेव्हा खिडकीकडेची एक बाई तेवढी उतरली नाही. कंडक्टरला वाटलं, डोळा लागला असेल. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं. त्याने हाक मारली, मग सीटच्या दांड्यावर तिकिटाचा पंच वाजवला. तिच्या पर्समधला मोबाइल काढून त्याने शेवटचा नंबर लावला. तो माझा होता. मी कुडाळला, आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत, अंकाची शेवटची पानं तपासत बसले होते. "तुमची कोण ती? बाई उठत नाय," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, कोण बाई? पण हे विचारतानाच मला उत्तर ठाऊक होतं.

शरयूआत्या. माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सावंतवाडीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची, एकटी राहायची. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. भेटायला येणारे म्हणाले, बरं मरण आलं, कोणाला काही करावं लागलं नाही. त्याला आता काही आठवडे झाले आणि हे 'बरं मरण' माझ्या घशाखाली अजून उतरत नाही. त्या दिवशी सुट्टी नसताना ती देवबागला कशाला गेली होती, हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. आता मला माहीत आहे, म्हणून लिहायला बसले आहे.

मी पत्रकांवर वाढले. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मालवणात छोटा छापखाना होता. पोटासाठी लग्नपत्रिका छापायच्या आणि जिवासाठी पत्रकं. ट्रॉलरवाल्यांविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, एसटीच्या भाडेवाढीविरुद्ध. मी बाराखडी गिरवली ती ओल्या शाईच्या पत्रकांवरूनच. जगात काही वाईट घडलं की ते छापायचं, म्हणजे ते थांबतं, असा आमच्या घरचा धर्म होता. आत्या त्या धर्मातली नव्हती. ती सुट्टीत घरी आली की आबांचं ताजं पत्रक उचलून वाचायची आणि चष्मा कपाळावर ढकलून विचारायची, "दादा, 'शेकडो कुटुंबं' लिहिलंयस. मोजलीस?" आबा भडकायचे. तू मोजत बस, तोवर माणसं मरतील, म्हणायचे. ती म्हणायची, "न मोजतासुद्धा मरतातच रे." मला तेव्हा आबांचं पटायचं. आजही पुष्कळसं त्यांचंच पटतं. पण त्या खोलीत दोघांमध्ये जास्त दुःखी कोण होतं, हे मात्र मी तेव्हा चुकीचं ओळखलं होतं.

शतक संपत आलं होतं, तेव्हा पुण्यातल्या एका संस्थेने आमच्या किनाऱ्यावर एक अभ्यास काढला. फाटलेला ओठ, फाटलेली टाळू घेऊन जन्मलेली मुलं शोधायची, त्यांचं, त्यांच्या आयांचं आणि त्यांच्या बापांचं रक्त घ्यायचं, आणि हा आजार येतो कुठून ते पाहायचं. त्यातलं गणित आत्याकडे होतं आणि त्यावरच तिची पीएच.डी. व्हायची होती. आमच्याकडे या आजाराबद्दल कोणाला कधी प्रश्नच पडलेला नव्हता. ग्रहणात पोटुशी बाईने विळीला हात लावला की पोराचा ओठ चिरतो. संपलं. जिच्या घरी रोज मासळी कापली जाते त्या बाईच्या हातून ग्रहणात कधीच काही कापलं गेलं नसेल, असं कोण छातीठोक सांगणार? म्हणजे आरोपी आधीच ठरलेली, फक्त पोर जन्माला यायची वाट.

मी सतरा वर्षांची होते. आत्याने एकदा ओटीवर बसून सुपाऱ्या मांडून मला तिचं काम समजावलं होतं. काही सुपाऱ्यांना तिने कुंकू लावलं. ती म्हणाली, समज, ओठ फाटण्याशी संबंध असलेली एक खूण माणसाच्या जनुकांत असते. बाळाला ती आईकडून मिळाली काय आणि बापाकडून मिळाली काय, बाळाला फरक पडत नाही. नुकसान जर बाळाच्या स्वतःच्या जनुकांमुळे होत असेल, तर अशा मुलांच्या घरांत खूण असलेल्या आया जितक्या सापडतील तितकेच खूण असलेले बाप सापडायला हवेत. पण आया जास्त सापडल्या, तर समजायचं की ती खूण बाळाला न देतासुद्धा आई तिच्या पोटातून, गर्भाला मिळणाऱ्या अन्नातून, काहीतरी परिणाम करते आहे. एवढाच फरक शोधायचा. आईचा परिणाम वेगळा, बाळाचा वेगळा.

मी लगेच पेटले. म्हणजे शेवटी आईचाच दोष सिद्ध करणार तुम्ही? ती म्हणाली, "दोष हा शब्द तुझा आणि तुझ्या बापाचा. माझ्या गणितात तो नाही. आईच्या पोटातून होत असेल तर आईला आधीपासून काही देता येईल. बाळाच्या रक्तातच असेल तर नुसतं आईला गोळ्या चारून भागणार नाही. हात कुठे घालायचा ते कळायला नको?" मी म्हटलं, तुझा पेपर इंग्रजीत छापला जाईल आणि त्याचा अर्थ इथे मालवणीत लावला जाईल, सासवा लावतील. तिने सुपाऱ्या गोळा केल्या. मग म्हणाली, "म्हणून तर बापाचं रक्त पाहिजे. बाप आला नाही, तर आईच्या बाजूने बोलायला काहीच उरत नाही."

रक्त घ्यायला मालवणात शिबिर भरवलं होतं, तिथे तिला संगीता भेटली. विशीतली, सर्जेकोटची मुलगी, देवबागला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी झालं आणि मुलगी झाली ती वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेली. बारशाला सासरहून कोणी आलं नाही. पुढे सासू एकदा येऊन पाळण्यात डोकावून गेली. जाताना म्हणाली, "गिराणात मासळी कापल्यान हिना. मी सांगी होतंय." नवरा, रमेश, आलाच नाही. संगीताचं आणि बाळाचं रक्त मालवणात घेतलं गेलं. बापांचं रक्त घ्यायला एक नर्स घरोघर, होड्यांवर जात होती. तिने देवबागहून रमेशच्या नावाची बाटली आणली. संगीताला त्या बातमीनेच केवढा आनंद झाला होता. आत्या सांगायची, ती पोर लाजली, म्हणाली, सुईक भितत ते, तरी माझ्यासाठी दिल्यानी.

पहिले आकडे आले तेव्हा खूण असलेल्या आया बापांपेक्षा पुष्कळ जास्त भरल्या. पुण्याचे प्रमुख खूश झाले, चांगला पेपर होणार होता. आत्या खूश नव्हती. आकडे फार सरळ बोलताहेत, म्हणाली. मग ती एकेक घर वेगळं काढून तपासायला बसली आणि तिला काही घरं अशी सापडली की बाळाच्या रक्तात जे होतं ते ना आईच्या रक्तात होतं, ना बापाच्या. अशी घरं निघाली तर ती गुपचूप बाजूला ठेवायची, हा या कामातला नियम. कोणालाही काही बोलायचं नाही. कारण त्याचा जो पहिला अर्थ लोक लावतात, तो बाईच्या जिवावर उठतो. पण प्रमुखांच्या एका साहाय्यकाला पुन्हा रक्त आणायला धाडलं गेलं. तो देवबागला गेला आणि उंबऱ्यात उभ्या असलेल्या सासूला सरळ म्हणाला, मुलीच्या वडिलांचं रक्त जुळत नाहीये, परत द्यावं लागेल. त्या वाक्याचा शेवटचा अर्धा भाग कोणी ऐकलाच नाही. पहिला अर्धा संध्याकाळपर्यंत तारकर्ली ओलांडून मालवणच्या मासळी बाजारात पोचला. रगात जुळाक नाय.

संगीताच्या वडिलांना ते कोणीतरी लिलावाच्या गर्दीत ऐकवलं. ते घरी आले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजले. पुढच्या वर्षी गेले. तिच्या आईने गावच्या जत्रेला जाणं सोडलं. देवळात ओटी भरायला उभी राहिली की शेजारच्या बाया जरा सरकून उभ्या राहायच्या, तेवढंच. आमच्याकडे कोणी कोणाला मारत नाही. जरा सरकून उभे राहतात.

आत्या त्या नर्सकडे गेली. नर्स इथलीच, चांगल्या मनाची बाई. तिने जे सांगितलं ते ऐकून आत्याला, तिच्याच शब्दांत, जमीन हलल्यासारखं झालं. बाप होडीवर गेलेला असला, किंवा नको म्हणाला, तर नर्स त्याच्या भावाचं रक्त घ्यायची. नाव बापाचं लिहायची. यात काही चुकतंय, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. उलट तीच आत्याला समजावायला लागली, "मोठो भाव घरात नसलो आणि धाकट्यान नारळ ठेवल्यान, तर देवाक चालता मा बाई? मगे रगात कित्याक चालाचा नाय? घराचाच मा ता?" खरंच होतं तिचं. आमच्या गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवाच्या मानपानाच्या रीतीत, मोठा भाऊ परगावी असला की त्याच्या मानाचा नारळ धाकटा घेतो, त्याच्या नावाने गाऱ्हाण्याला उभा राहतो, आणि तो मोठ्याचाच नारळ असतो. देवाला चालत होतं. गणिताला चालत नव्हतं. किती घरी तिने असं केलं, ते तिला सांगता येईना. रमेशच्या घरी कोण होतं? तोंडावळा सगळ्यांचो सारखोच, म्हणाली.

त्यात आत्याला आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला तिने सावंतवाडीच्या तळ्याकाठी चालता चालता सांगितली. बाळात जी खूण असते ती बापाकडून आली असेल तर बापात ती असणारच, पण काकात असेलच असं नाही. म्हणजे बापाच्या जागी काका आला की बापांच्या बाजूच्या खुणा कमी भरतात. आयांच्या तेवढ्याच राहतात. आणि आकडे म्हणायला लागतात, बघा, आईमुळेच. "बाप सुई चुकवतो," आत्या म्हणाली, "आणि बोट आपोआप आईकडे वळतं. कोणी खोटं बोललेलं नसतं गो." ती हे शांतपणे म्हणाली म्हणून मला तिचा राग आला होता. मला वाटलं, हे बोंबलून सांगायचं असतं, तळ्याकडे बघत नव्हे.

आम्ही दोघी देवबागला गेलो. रमेश माडाखाली जाळं शिवत बसला होता, पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून. धाकटा भाऊ बाबल पलीकडे होडीला डांबर लावत होता. आत्याने रमेशला हात जोडले, हो, हात जोडले, आणि म्हणाली, मागे जे काय झालं ते झालं, कोणाचं नाव घ्यायचं नाही, फक्त आता एकदा तुमचं रक्त द्या, एका सुईचं काम आहे. तो शिवतच राहिला. शेवटी म्हणाला, "जुळाक नाय ता तुमच्याच माणसान सांगल्यान मा? मगे आता परत कित्याक?" मी बाबलकडे पाहिलं. त्याने ब्रश खाली ठेवला नाही, वरही पाहिलं नाही. दारातून सासू म्हणाली की आमच्या घराण्यात फाटक्या ओठाचो कोण नाय, आणि घरात लग्नाचा चेडू आसा, तुम्ही आता या बघू.

मला तिथेच कळलं. चूक यांच्या सोयीची होती. ती मुलगी आपली असेल तर रमेशच्या बहिणीला मागणी घालणारा घराण्याचा ओठ विचारणार. मुलगी आपली नसेल तर दोष सगळा सर्जेकोटचा. एका बाईचं नाव गेलं की पूर्ण घर धुतल्यासारखं स्वच्छ. त्यात कोणाला कट करावा लागला नाही. फक्त गप्प बसावं लागलं.

परतताना मी आत्याला म्हटलं, उद्या पत्रक काढते. 'देवबागच्या बापाचं रक्त कोणाचं?' असं. नावानिशी. दुसऱ्या दिवशी आबांनी छपाईचे खिळे जुळवायला घेतलेसुद्धा. आत्या सावंतवाडीहून पहिल्या गाडीने आली आणि छापखान्याच्या दारात उभी राहिली. रक्त बाबलचं होतं हे तुला ठाऊक आहे का, तिने विचारलं. मी म्हटलं, तुला ठाऊक आहे. ती म्हणाली, "नाही. तसं असावं असं आकड्यांवरून वाटतं. भावाचं रक्त जसं अर्धवट जुळतं तसं ते जुळतंय. पण वाटणं वेगळं, ठाऊक असणं वेगळं. त्या साहाय्यकाने काय केलं? त्याला वाटलं ते त्याने दारात उभं राहून सांगितलं. तेच मी करू?" आबा म्हणाले, शरयू, तुझ्या या सोवळ्यापायी ती पोर मरेल. आत्या दाराला टेकून उभी राहिली, चेहरा पांढरा पडलेला... पण बाजूला झाली नाही. आबांनी खिळे पुन्हा खणांत टाकले.

मी आजही म्हणते, तिने बोलायला हवं होतं. श्रद्धांजलीच्या लेखात असं लिहू नये म्हणतात. पण ती मला ओळखत होती, मी गोड लिहिलं असतं तर तिनेच चष्मा कपाळावर ढकलून विचारलं असतं, हे कशावरून?

पुण्याच्या प्रमुखांना न जुळलेली घरं वगळून बाकीच्यांवर निष्कर्ष काढायचा होता. आत्या म्हणाली, जी जुळत नाहीत ती दिसली, पण काकाचं रक्त पुष्कळ वेळा जुळूनही जातं, ती घरं दिसणारच नाहीत. कुठे बाप आला आणि कुठे भाऊ हे कळल्याशिवाय आईवर एक ओळ लिहिणार नाही. मग ती स्वतः घरोघर फिरली, अधूनमधून मीही बरोबर असायचे. आचरा, तोंडवळी, देवबाग, वेंगुर्ल्यापर्यंत. उन्हातून, तिच्या त्या कापडी चपला घालून. बाप बहुतेक घरी नसायचेच. घरात खोकल्याचा आवाज यायचा आणि बाई दारात येऊन सांगायची, समुद्रात गेलेत. एक जण तर तिच्या देखत मागच्या दाराने माडांतून पळाला, ते ती हसत हसत सांगायची, पण दुसऱ्यांदा सांगताना हसली नव्हती. संस्थेचं काम बंद झालं. पेपर झाला नाही. पीएच.डी. झाली नाही. कॉलेजात तिच्या हाताखालची मुलं पुढे गेली, विभागप्रमुख झाली. तिला कोणी विचारलं तर म्हणायची, माझ्या अभ्यासाला बाप मिळाले नाहीत. लोकांना तो विनोद वाटायचा.

संगीताच्या मुलीचं, दर्शनाचं, ऑपरेशन आत्याने पुढे होऊन करवून घेतलं. ओठ शिवला गेला. पोर शाळेत जायला लागली. संगीता मालवणच्या बाजारात मासे विकायला बसली. रमेशच्या बहिणीचं लग्न झालं. मग रमेशने दुसरं लग्न केलं. मी संगीताला एकदा रागाने म्हटलं, कोर्टात जाऊ, पोटगी मागू. ती पापलेटाचे पर कापत होती. म्हणाली, "माका थंय परत जावचा नाय आणि तेचा काय नको पण. तेणा एकदा तोंडान सांगूक व्हया, सुई कोणी घेतली ता. माझ्या आवशीक ऐकू येयत असा." एवढंच. सबंध आयुष्यात त्या बाईने मागितलं ते एवढंच, आणि आत्याने ते स्वतःवर घेतलं. दर वर्षी, पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की, ती देवबागला जायची. त्या दिवसांत पुरुष घरी असतात. रमेश तिला चहा द्यायला सांगायचा आणि गप्प बसायचा. तीही गप्प बसायची, चहा प्यायची, एकदा विचारायची, आणि उठायची.

गेल्या वर्षी संगीताची आई वारली. न ऐकताच.

आत्याचं दिवसकार्य झाल्यावर मी देवबागला गेले. ती त्या दिवशी तिथे होती, एवढाच धागा माझ्या हातात होता. वाटेत होमस्टेच्या पाट्या, पर्यटकांच्या रंगीत होड्या, सगळं नवं झालेलं. रमेशचं घरही नवं. मला पाहून तो उठून उभा राहिला. केस पिकलेले. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "बाईंका मीच फोन करून बोलवलेलंय." आतून बाळाचा आवाज आला. चोखता न येणारी मुलं रडतात तो घोगरा, हवा निसटल्यासारखा आवाज मी आत्याबरोबर इतक्या घरांत ऐकला होता, की आत न जाताच मला समजलं.

दुसऱ्या बायकोला इतक्या वर्षांनी मुलगा झाला होता. ओठ फाटलेला.

तो सांगत गेला आणि मी ऐकत गेले. आत्या धावतपळत आली होती, कॉलेजातून अर्धा दिवस काढून. तिला वाटलं असणार की आता हा आपलं रक्त देणार. त्याने तिला सांगितलं की ह्या बायकोचं रक्त तपासा. हिच्यात काय आहे ते काढा. मी विचारलं, आणि तुझं? तो म्हणाला, माझा कित्याक? मग, जसं कोणी भरती-ओहोटीबद्दल बोलावं तसं म्हणाला, "आणि तेव्हाचा ता रगात माझा नव्हताच मा. बाबल गेल्लो. मी बाईंका सांगलंय ता."

मी विचारलं, मग तेव्हा का नाही बोललास? "बहिणीचा जमत होता," तो म्हणाला. त्याला ते उत्तर पुरेसं वाटलं. जे ऐकायला आत्याने इतके पावसाळे त्याच्या ओटीवर चहा प्यायला, ते त्याने तिला जाता जाता दिलं होतं, बायकोच्या रक्ताच्या मोबदल्यात, आता त्याची काही किंमत उरली नाही म्हणून. मी विचारलं, आत्या काय म्हणाली? काय्येक नाय, तो म्हणाला. पाणी मागल्यानी. मग आत जावन पोराक पाजूचा कसा ता हिका दाखवल्यानी, मानेखाली हात घालून, बसवन. आणि मगे घाईन गेली. गाडी चुकात म्हणाली.

ती घाईने कुठे निघाली होती ते मला सांगायला नको होतं. गाडी मालवणला जाते. आणि बाजार स्टँडपासून चालत जाण्याइतका जवळ आहे.

म्हणून मी गेले, तिच्या वाटणीचं अंतर चालत. माझ्या डोक्यात सगळं तयार होतं. दोन बायका, बाप एक, दोन्ही मुलांचे ओठ फाटलेले, आता बोला. पत्रकाचा मथळासुद्धा सुचला होता. आणि बाजाराच्या तोंडाशी मला आत्याने अडवलं. अगदी छापखान्याच्या दारात उभी होती तशी. एका घरावरून काही सिद्ध होत नाही गो. दुसरीचंही रक्त काही सांगत असेल, तुला काय ठाऊक? मी तिथे माशांच्या पाण्यात उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की हे पत्रक मी कधीच काढू शकणार नाही. ती मला एवढं शिकवून गेली. या शिक्षणाचं मी काय करू, ते मला कळत नाही.

संगीता गिऱ्हाईक करत होती. मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं. बाबलने दिलं होतं. रमेश स्वतःच्या तोंडाने बोलला. तिने सुरी पाण्यात बुचकळली, पुसली. एवढ्या वर्षांचं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर उमटेल म्हणून मी बघत राहिले. काही उमटलं नाही. "आता कोणाक सांगू?" ती म्हणाली. मग विचारलं, आता एकदम कसा बोललो तो? मी मुलाचं सांगितलं. ती थांबली. पहिल्यांदाच तिचा हात थांबला. "आणि तिका काय म्हणतत?" तिने विचारलं. मी म्हटलं, कोणाला? "तिका गो. नव्येक." मी सांगितलं की सासू विचारते आहे, ग्रहणात काय कापलंस ते आठव. संगीताने मान हलवली, जशी आपण ओळखीच्या माणसाची खबर ऐकून हलवतो.

तिच्या पाटाच्या डाव्या बाजूला मासळीचा एक निळा क्रेट उलटा घातलेला होता. आत्या शनिवारी यायची तेव्हा त्यावर बसायची, साडी गुडघ्यांत खोचून, गिऱ्हाइकं जाईपर्यंत गप्प. शिंतोडे उडू नयेत म्हणून संगीता त्यावर प्लॅस्टिकचा एक तुकडा अंथरायची. बाजारात जागेसाठी बाया एकमेकींच्या उरावर बसतात, पण तो क्रेट कोणी उचलला नव्हता. त्या दिवशी शनिवार होता. मी उभीच राहिले. संगीताने तो प्लॅस्टिकचा तुकडा उलटा केला, कोरडी बाजू वर घेतली, आणि समोरच्या बाईला बांगड्यांचा भाव सांगितला.